एका शब्दाची दुरुस्ती

आकडा चुकला, नाव चुकले किंवा छायाचित्राखाली भलतीच ओळ पडली, तर पुढील अंकाच्या कोपऱ्यात दोन ओळींचे शुद्धिपत्र छापावे, असा आमच्या व्यवसायाचा दंडक आहे. आज मलाही एक शुद्धिपत्र द्यावयाचे आहे. चूक एकाच शब्दाची आहे. परंतु ती दोन ओळींत मिटण्यासारखी नाही. म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच खर्ची घालते.

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली. तेथील निळ्या पाण्याची छायाचित्रे घरोघर पोहोचली, आणि ज्यांनी ही बेटे शाळेच्या नकाशातील ठिपक्यांपलीकडे कधी पाहिली नव्हती तेही तेथे जाण्याची भाषा बोलू लागले. त्या सुमारास या सदरासाठी मी एका इंग्रजी माहितीपत्रकाचा अनुवाद केला. त्यात या बेटांना लावलेले विशेषण मराठीत आणताना माझी बरीच ओढाताण झाली. ‘न बिघडलेली’ हे दुधाला शोभते, बेटांना नव्हे. ‘अविकृत’ म्हणावे तर औषधालयाचा वास येतो. अखेर ‘अस्पर्श’ हा शब्द सुचला आणि ‘माणसाचा हात न लागलेली अस्पर्श बेटे’ असे वाक्य मी मोठ्या समाधानाने लिहून दिले. आपल्यापैकी काहींना ते आवडले. तशी पत्रेही आली. त्या सर्वांची मी आज क्षमा मागते. कारण तीनच महिन्यांनी मी स्वतः त्यांतील एका बेटावर जाऊन आले, आणि माझा शब्द तेथे एक दिवसही टिकला नाही.

जाण्याचा योग आला तो माझ्या धाकट्या भावामुळे. तो बंगळूरच्या विमानतळावर नोकरीला आहे. विमानतळ बंगळूरचा म्हणावयाचा, पण २००८ साली तो सुरू झाला तो देवनहळ्ळीच्या शिवारात, शहराच्या उत्तरेस; आणि भावाचे बिऱ्हाडही देवनहळ्ळीतच आहे. हे जुने किल्ल्याचे गाव. टिपू सुलतानाचा जन्म येथला. त्या जागी दगडी खांबांचे एक लहानसे स्मारक आहे. गावाची दुसरी ख्याती म्हणजे चकोत. आपण ज्याला पपनस म्हणतो तेच हे फळ. पण देवनहळ्ळीच्या चकोताची चव निराळी म्हणून त्याला भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळालेली आहे.

२०२४ च्या मार्चअखेरीस देवनहळ्ळीहून अगत्ती बेटाला थेट विमान सुरू झाले. भावाने दूरध्वनीवर सांगितले, “ताई, तुझी अस्पर्श बेटे आता माझ्या अंगणापासून दोन तासांवर आली. ये लवकर.” त्याला स्वतःला रजा मिळाली नाही. तेव्हा मी आणि माझी भावजय अशा दोघींनीच जावे असे ठरले.

मी देवनहळ्ळीला उतरले ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. त्या उन्हाळ्यात बंगळूर आणि भोवतालच्या भागावर पाण्याचे मोठे संकट आलेले आपल्याला स्मरत असेल. भावाच्या घरी एक दिवसाआड टँकर येत होता. माझी भावजय तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला घाली, कपडे खळबळलेले पाणी फरशी पुसण्यासाठी ठेवी, आणि आंघोळीला प्रत्येकाच्या नावाची एकच बादली भरून ठेवी. मला, पाहुणी म्हणून, दीड. मी ती दीड बादली निमूटपणे वापरली. पण उद्या आपण समुद्राच्या मध्यावर असू, तेथे पाणीच पाणी असेल, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. हा विचार किती बालिश होता ते पुढे येईलच.

लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेशपत्र लागते. १९६७ पासून तसा नियम आहे. बाहेरच्या माणसाने तेथे जमीन घेऊन राहावयाचे नाही, येतानाही परवानगीने यावयाचे, हा त्याचा आशय. कागदपत्रांची जुळवाजुळव करताना भावाने आणलेले एक पुस्तक चाळले आणि माझ्या शब्दाला पहिला तडा तेथेच गेला. अमिनी बेटावरील काही माणसे १७८३ साली मंगळूरला टिपूकडे गेली आणि आपला कारभार हाती घेण्याची विनंती करती झाली. त्यावरून अमिनी गटातील पाच बेटे टिपूकडे आली. उरलेली कण्णूरच्या आरक्कल घराण्याकडे राहिली. आम्ही जाणार होतो ते अगत्ती या दुसऱ्या वाट्यातले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूची बेटे कंपनी सरकारकडे गेली. पुढे १८४७ च्या वादळानंतर मदत म्हणून दिलेल्या कर्जापोटी उरलेलीही गेली. सत्ता कोणाचीही असो, बेटावरचा काथ्या ठरलेल्या दराने घ्यावयाचा आणि मोबदल्यात तांदूळ द्यावयाचा. दर ठरविणार तो घेणारा. १९५६ च्या १ नोव्हेंबरला ही बेटे केंद्रशासित प्रदेश झाली, आणि १९७३ मध्ये त्यांना लक्षद्वीप हे नाव मिळाले. ज्या भूमीसाठी इतके हात पुढे झाले, तिला मी ‘हात न लागलेली’ म्हटले होते.

विमान लहान, पंख्याचे. देवनहळ्ळीची तांबडी माती आणि तिच्यावरची हरितगृहे मागे पडली, घाट ओलांडला, आणि मग बराच वेळ खाली नुसता समुद्र. भावजयीच्या मांडीवर पिशवीत दोन चकोत होते. ज्यांच्या घरी उतरावयाचे त्यांच्यासाठी भेट. अकस्मात खिडकीत एक फिकट हिरवी कडी दिसली, तिच्या एका बाजूला माडांची बारीक रेघ, आणि रेघेच्या दक्षिण टोकाला धावपट्टी. ही धावपट्टी १९८८ ची. तेथे बेट इतके निरुंद आहे की उतरल्यावर उजवीकडेही समुद्र आणि डावीकडेही समुद्र.

देखावा सुंदर होता हे मी नाकारीत नाही. पांढरी वाळू, तिच्यापुढे काचेसारखे उथळ पाणी, दूर प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी किनार आणि तिच्या पलीकडे गडद निळा दर्या. या आतील उथळ पाण्याला भूगोलाच्या पुस्तकात खारकच्छ म्हणतात. संध्याकाळी त्याच्या काठाशी बसले असता माझ्या शब्दाचा मला पुन्हा एकदा अभिमान वाटला. पण पाठ वळविली की मागे गाव होते. सुमारे सात किलोमीटर लांबीच्या आणि एक किलोमीटरही रुंद नसलेल्या या बेटावर २०११ च्या जनगणनेत साडेसात हजारांच्या आसपास माणसे होती. साऱ्या लक्षद्वीपचे क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. दर चौरस किलोमीटरला दोन हजारांवर माणसे. आपल्या कित्येक तालुक्यांच्या गावांत इतकी दाटी नसेल.

ज्या घरी आम्ही उतरलो ते घर त्या बाईंच्या आईकडून त्यांच्याकडे आलेले. या बेटांवर बहुतेक सारे मुसलमान असून घराणे मात्र आईच्या बाजूने चालते. पिढीजात घर आणि माड मुलींच्या वंशाकडे राहतात. बाई पन्नाशीच्या असाव्यात. घरात त्या जेसरी बोलत, ती मलयाळमची बोली. आमच्याशी शाळेत शिकलेल्या हिंदीत. चकोत पाहून त्यांनी ते नाकाशी नेले, सोलले, आणि शेजारची मुले बोलावून पाकळी पाकळी वाटले. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला किती आले ते मला दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले आणि प्रवासाचा शीण जाईपर्यंत पाणी घेत राहिले. नळ होता, पाणी येत होते. मला कोणी काही म्हटले नाही. बाहेर आले तेव्हा बाई पंप बंद करून विहिरीत वाकून पाहत होत्या. मला पाहून हसल्या आणि चहा ठेवावयास आत गेल्या. भावजय मात्र माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, त्यांनी आज धुणे काढले नाही. विहीर थोडी थांबू द्यायची म्हणाल्या.”

टँकरच्या गावात राहणाऱ्या माझ्या भावजयीला जे एका दृष्टिक्षेपात कळले, ते मला समजावून घ्यावे लागले. आपणासही सांगते, कारण ते मोठे विलक्षण आहे. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा आणि वाळू. पावसाचे पाणी तिच्यातून खाली झिरपते आणि खाली समुद्राचे खारे पाणी असतेच. गोडे पाणी हलके. म्हणून ते खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा थर करून तरंगत राहते. विहीर काही हातच खोल असते, आणि समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर तिचे पाणीही वरखाली होते. शास्त्रज्ञांचा हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक वीत असेल तर खाली ते चाळीस विती असते. हे ऐकून बरे वाटते. पण हाच हिशेब उलटा लावून पाहा. वरचे पाणी उपसून एक वीत उतरविले, की खालून खारे पाणी चाळीस विती वर सरकू पाहते. पोहऱ्याने ओढणारा माणूस दमून थांबतो. पंप थांबत नाही. त्यातच शौचकूपांचे पाणी त्याच वाळूत झिरपले तर तो थर नासतो.

म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी समुद्राकडे वळावे लागले. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती येथे आणि २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती येथे गोड्या पाण्याची संयंत्रे उभारली. त्यांची कृती गृहिणीला सहज उमजेल अशी आहे. हवेचा दाब कमी केला की पाणी थोड्याशा उष्णतेवरही वाफ धरते. समुद्राच्या पृष्ठावरचे कोमट पाणी निर्वात टाकीत सोडतात, त्याची वाफ होते; मग सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून नळाने वर ओढलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ निववितात. मीठ मागे राहते, गोडे पाणी हाती येते. अगत्तीच्या संयंत्राची क्षमता दिवसाला एक लाख लिटर, आणि २०२४ च्या जानेवारीत तेथे घरोघर नळजोडण्या पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. ही गोष्ट अभिमानाची आहे. परंतु साडेसात हजार माणसांत एक लाख लिटर वाटून पाहा. दर माणशी तेरा लिटर. माझ्या भावजयीची एक बादली त्याहून मोठी आहे. एका सकाळी मी किती जणांचा वाटा अंगावर ओतला, हा हिशेब मी चहा पिताना केला. तो चहा गोड लागला नाही.

त्या दिवशी दुपारी बाईंचा भाचा आम्हाला काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दाखवावयास घेऊन गेला. येथे माझी दुसरी चूक घडली, आणि ती पहिलीहून अधिक लाजिरवाणी. काचेखालून एक प्रवाळाचे झुडूप सरकत गेले; शुभ्र, जणू चांदण्यात न्हालेले. मी आनंदाने उद्गारले, “किती सुंदर पांढरा रंग!” नावाडी काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “दीदी, हा रंग नाही. रंग गेला आहे.”

प्रवाळ हा दगड नव्हे, हे आपण शाळेत शिकलो आहोत. अगणित चिमुकले जीव चुन्याची घरे बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न करते आणि यजमानाला अन्नही देते, रंगही देते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर, दीड अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले की हे सख्य मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते, आणि पातळ कातडीतून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरतो. न निवले तर उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे घडले होते. आम्ही गेलो ते वर्ष चौथे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच मे महिन्यात सांगितले की तेथील समुद्र ऑक्टोबर २०२३ पासून सतत तापलेला होता. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील पाहणीत १९९८ पासूनच्या चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळ जवळजवळ निम्म्याने घटलेला आढळला आहे.

यात दृश्यशोभेची हानी ती सर्वांत लहान. प्रवाळभिंत ही बेटाची तटबंदी आहे. बेटाची उंची दोन-चार मीटर. पावसाळ्यातील लाटा अडवते ती ही भिंत. बेटाची वाळूही तिचीच. भिंत वाढते, लाटा तिचे तुकडे करतात, पोपटमासे प्रवाळ कुरतडून त्याचे पीठ करतात, आणि ते काठाला येऊन पडते. अन्नही तिचेच. येथील कोळी खोल समुद्रात कुपा मारतात, ज्याला बाजारात ट्यूना म्हणतात. जाळे टाकून नव्हे. आधी खारकच्छातून बोटभर लांबीचे मासे धरून होडीतील पाण्याच्या हौदात जिवंत ठेवावयाचे. मग कुप्याचा थवा दिसला की ते मूठमूठ फेकावयाचे, वर पाण्याचे फवारे उडवावयाचे, आणि माशांचे उसळणे सुरू झाले की अडी नसलेल्या गळाने एकेक मासा उचलून मागे टाकावयाचा. एका गळाला एक मासा. नको ते जीव फारसे मरत नाहीत. पण ते बोटभर मासे प्रवाळाच्या आडोशाने वाढतात. प्रवाळ मेला तर आमिष कोठून येणार, आणि आमिष नसेल तर गळ काय कामाचा? नावाड्याने रंगाविषयी जे म्हटले, त्यात त्याच्या घरच्या चुलीची काळजी होती.

मग उरलेल्या दोन दिवसांत मी बेट निराळ्या डोळ्यांनी पाहिले. माडावर चढणारे, नीरा उतरवून तिचा गूळ आटविणारे, वाळूत पुरून कुजविलेली सोडणे बडवून काथ्या काढल्याच्या जुन्या आठवणी सांगणाऱ्या आजीबाई, छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत घेणारी घरे. पाचोळा आणि करवंट्यादेखील कोणी उगाच फेकीत नाही. तेथे बोटभर जागा अशी नव्हती जिला माणसाचा हात लागलेला नाही. आणि जे निळे, स्वच्छ, शांत म्हणून आपल्या मनात भरते, ते त्या हातांनीच आजवर जपलेले आहे. ‘अस्पर्श’ या शब्दाने मी निसर्गाचा गौरव केला असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मी साडेसात हजार माणसांना त्यांच्याच घरातून पुसून टाकले होते.

वाचकहो, मग तेथे जावे की जाऊ नये, असे आपण विचाराल. मी जाऊन आले आहे, तेव्हा आपल्याला ‘जाऊ नका’ म्हणण्याचा मला अधिकार नाही. पाहुण्यांमुळे तेथील काही घरांत चार पैसे येतात, हेही मी पाहिले. एवढेच सांगते की, जावे ते पाहुणे म्हणून. गिऱ्हाईक म्हणून नव्हे. बादली एकच घ्यावी. प्रवाळावर पाय देऊ नये, त्याचा तुकडा किंवा शंख पिशवीत घालू नये. गावात अंगभर वस्त्रे नेसून फिरावे, माणसांची छायाचित्रे विचारून घ्यावीत. प्लास्टिकची जी वस्तू बरोबर नेली ती बरोबरच परत आणावी. तेथे ती टाकण्यास जागाच नाही. प्रवेशपत्राचा कंटाळा करू नये. ज्या घरात विहीर जपून उपसावी लागते, त्या घराने दार ठोठावून येण्यास सांगितले तर त्यात गैर काय? आणि जे जाणार नाहीत त्यांनीही या गोष्टीतून सुटलो असे समजू नये. समुद्र तापतो तो अगत्तीच्या चुलींमुळे नव्हे.

निघताना बाईंनी माडाच्या गुळाची एक पुडी भावजयीच्या हाती दिली. माझ्या नव्हे, तिच्या. तिने त्या तीन दिवसांत विहिरीवरचे एकही पाणी वाया घालविले नव्हते, हे त्यांनी पाहिले असावे.

देवनहळ्ळीला परतलो ती रात्र होती. टँकर आलेला नव्हता. भावजयीने माझ्यासाठी पुन्हा दीड बादली काढून ठेवली. मी अर्धी परत पिंपात ओतली. गच्चीवरून विमानतळाचे दिवे दिसत होते आणि त्यांच्या अलीकडे अंधारात किल्ल्याचा तट. या गावाखालीही पावसाने शेकडो वर्षे भरलेले पाणी होते. ते तरंगत नव्हते, खडकाच्या भेगांत होते, एवढाच फरक. कूपनलिका खोल खोल जात राहिल्या तेव्हा कोणी विहिरीत वाकून पाहिले नाही. बेटावर चूक दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला खारट लागते. आपल्याकडे ती कळावयास तीस वर्षे लागतात.

आपल्या भाषेत एक साधा शब्द आहे. आपण शेत राखतो, देवराई राखतो, वडीलधाऱ्यांचा मान राखतो. तो शब्द जानेवारीत मला सुचावयास हवा होता. त्यासाठी कोशही उघडावा लागला नसता.

शुद्धिपत्र : पूर्वीच्या अंकात ‘माणसाचा हात न लागलेली अस्पर्श बेटे’ असे छापले गेले आहे. तेथे ‘माणसांनी राखलेली बेटे’ असे वाचावे.